देव उजव्या हाताला

बेंगळुरूबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांची शेवटची भिंत संपते तिथून एक कच्चा रस्ता आत जातो. त्या रस्त्यावर विठोजीचं घर आहे. घरामागं थोडी मोकळी जागा आणि त्या जागेत पत्र्याची शेड. शेड त्यानं लेथसाठी बांधली होती. निवृत्त झाल्यावर जुना लेथ घ्यायचा आणि आसपासच्या कारखान्यांची लहानसहान कामं करायची, असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी त्यानं सगळ्या जागेत मुरूम टाकून धुमसानं ठोकून घेतला, विजेची जोडणी आणली. मग उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. डॉक्टर म्हणाले, फिरत्या यंत्राजवळ हात न्यायचा नाही. लेथ आला नाही. शेड तशीच राहिली.

विठोजी मूळचा निपाणीकडचा. तरुणपणी बेंगळुरूला आला आणि शेवटपर्यंत एका मोठ्या कारखान्यात फिटर होता. बंद पडलेलं यंत्र चालू करणं हेच त्याचं काम. आता बंद पडायला घरात काही नव्हतं. सकाळी उठून तो शेड झाडायचा, म्हणजे जिथं काही झालंच नव्हतं तिथला केर काढायचा. मग फाटकाच्या बिजागरीला तेल सोडायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ आवळायचा.

"अहो, त्या नळाचे आटे गेले आवळून आवळून," त्याची बायको गोजराबाई म्हणायची. "बसा की जरा. बसलं की अंगाला खाज सुटती का?"

सुटायची. तो बसायचा आणि उठायचा.

एके दिवशी कुंपणापलीकडून एका मुलीनं हाक मारली. ती वेदिका. पुण्याची, जे. पी. नगरात राहणारी, जनावरांची डॉक्टर. टाकून दिलेल्या घोड्यांची सोय लावणाऱ्या एका संस्थेचं काम ती करते. शेजारच्या मंजुनाथच्या सिमेंटच्या विटांच्या आवारात कुत्र्याला इंजेक्शन द्यायला आली होती. तिथून तिला शेड दिसली.

"काका, ही शेड रिकामीच आहे का? म्हणजे काही प्लॅन आहे तुमचा?"

"न्हाई."

"एक घोडी आहे. वय झालंय. चामराजपेटेत लग्नाच्या वरातीला होती, आता मालकानं सोडून दिलीय. तिच्यासाठी आम्ही पर्मनंट घर शोधतोय, पण तोपर्यंत कुणीतरी सांभाळायला हवं. दसऱ्यापर्यंत धरा. चारा आमचा, औषधं आमची."

"आणि काम?"

"काम मात्र तुमचं, काका."

विठोजी लगेच हो म्हणाला. आतून गोजराबाईचा आवाज आला, "हितं मला कुणी इचारतंय का?"

घोडी आली. पांढरी, गुडघ्यांवर केस गेलेली, पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमांचे काळे डाग. वरातवाल्यानं तिचं नाव सोनम ठेवलं होतं. ते नाव फार टिकलं नाही. विठोजी खूर साफ करायला बसला आणि मोठ्यानं ओरडला, "सोनम, पाय उचल!" तेवढ्यात मंजुनाथ कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"अण्णा, माझ्या सुनेला पाय उचलायला का सांगताय?"

त्याच्या सुनेचं नावही सोनम होतं. तेव्हापासून घोडी नुसती पांढरी.

पांढरीला एक खोड होती. ती शेडच्या दारात उभी राहून डुलायची. मान डावीकडं, मग उजवीकडं, आणि तिच्याबरोबर अंगाचा भार एका पुढच्या पायावरून दुसऱ्या पायावर. चारा समोर असला तरी डुलायची. विठोजी बघत राहिला. त्याला ते सहन होईना. काम काही होत नव्हतं आणि दोन्ही पाय झिजत होते.

"एकटं बांधून ठेवलेल्या घोड्यांना ही सवय लागते," वेदिकानं सांगितलं होतं.

विठोजीनं त्यातलं "बांधून ठेवलेल्या" एवढंच धरलं. उभं राहिलेलं यंत्र जाम होतं, हे त्यानं सारी नोकरी पाहिलं होतं. पांढरीला चालवायचं ठरलं.

जागेच्या मधोमध पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांत वाढले होते. त्यांच्या बुंध्याशी दगडी कट्टा, कट्ट्यावर नागाचे दगड. जागा घेतली तेव्हापासून ते तिथं होते. गोजराबाई रोज त्यांना पाणी घालायची, हळद लावायची, कट्टा पुसून काढायची. एका अंगाला शेड, दुसऱ्या अंगाला मंजुनाथचं कुंपण, तेव्हा घोडीला फिरवायला उरायची ती कट्ट्याभोवतीची जागाच. पहिल्या दिवशी विठोजी दोर धरून निघाला आणि शेडच्या दारातून सोयीचा म्हणून उजवीकडं वळला.

"तिकडनं न्हाई," कट्ट्यावरून गोजराबाई म्हणाली. "देव उजव्या हाताला ठेवा."

"घोडीला काय कळतंय?"

"तिला नसंल कळत. तुम्हाला कळतंय न्हवं?"

विठोजी थांबला, घोडीला फिरवलं आणि डावीकडून निघाला. कट्टा उजव्या हाताला आला. देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पांढरी त्याच बाजूनं फिरली. त्याला बरं वाटलं. एक दिवसही खाडा केला नाही. फिरून आली की तो खरारा करायचा, पाठीपासून खुरापर्यंत ब्रश ओढायचा, मग भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी द्यायचा. दमलेली पांढरी कमी डुलायची. इलाज लागू पडला, असं त्यानं धरलं.

काही आठवड्यांनी त्याच्या कानाला फरक लागला. चार टापांपैकी एक हलकी पडत होती. घट्ट मुरमावर टाप चांगली वाजते, चुकायचं कारण नव्हतं. टक, टक, टक, आणि चौथी अर्धीच. हा आवाज त्याला ओळखीचा वाटला. नवं बेअरिंग बसवलं की सुरुवातीला कुरकुरतं. तेव्हा थांबवायचं नसतं. चालवत ठेवलं की अंगाला अंग लागतं आणि आवाज जातो. इतकी वर्षं उभी असलेली घोडी आता कुठं चालायला लागली होती. कुरकुर करणारच.

त्यानं फेऱ्या वाढवल्या.

"स्वल्प हळू, अण्णा," मंजुनाथ कुंपणावरून म्हणाला. "नवस फेडताय का घोडीचा?"

वेदिका तपासायला आली तेव्हा कट्ट्याभोवती जमिनीत गोल वाट पडली होती. ती आधी त्या वाटेकडं बघत उभी राहिली, मग घोडीकडं वळली.

"काका, हे काय आहे?"

"वाट. तिच्या पायानं पडलीय," विठोजी म्हणाला. आवाजात जरा अभिमान होता.

"दोन्ही बाजूंनी फिरवता ना?"

"दुसऱ्या बाजूनं कसं फिरवणार? मधी देव हाय."

वेदिकाला हसू आलं. मग तिनं खाली बसून पांढरीच्या पुढच्या उजव्या पायावर हात फिरवला, खुराच्या वरच्या सांध्यावर थांबवला आणि हसू गेलं. "इथं हात ठेवा, काका."

त्यानं हात ठेवला. सांधा तापलेला होता. डावा पाय त्यानं आपण होऊन चाचपला. तो गार होता.

"आवळ गोलात आतल्या पायावर जास्त ताण येतो. त्यात ही जमीन. तिचा हा सांधा आधीच जुना झालेला. रोज त्याच बाजूनं, त्याच पायावर..." ती थांबली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही. माझीही चूक आहे. मी विचारायला हवं होतं."

बेअरिंग तापलं की यंत्र बंद करतात, हे विठोजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्यानं नुसता कान लावला होता. हात कधी लावलाच नाही.

आता इलाज होता विश्रांती. चालवायचं नाही, गार पाणी सोडायचं आणि थांबायचं. पाणी सोडणं त्याला जमलं. थांबणं अवघड गेलं. पांढरी शेडच्या दारात डुलायची आणि तो दाराबाहेर उभा राहायचा. शेडच्या जमिनीवर त्यानं भाताचं तूस अंथरलं, मग काढून पुन्हा जास्त जाड अंथरलं. गव्हाण खाली आहे म्हणून वर घेतली, वर झाली म्हणून बोटभर खाली आणली. दिवसातून कितीदा तरी जाऊन सांध्यावर हात ठेवायचा.

"हात लावून लावून तापवाल पुन्हा," गोजराबाई म्हणाली.

सांधा निवला. मग वेदिकाच्या सांगण्यावरून तो तिला मागच्या निलगिरीच्या बनात नेऊ लागला. तिथं पानांचा थर होता, वाट सरळ होती. बनापर्यंत जायचं, वळायचं तर मोठं वळण घ्यायचं, परत यायचं. पांढरी बरी चालू लागली. हलकी टाप जड पडू लागली, पूर्ण नाही, पण बरीचशी. विठोजी तिच्या डाव्या खांद्याशी चालायचा, दोर सैल सोडून. बनात तो तिच्याशी बोलायचा का, हे कुणाला माहीत नाही. परत आल्यावर मात्र तो शेडच्या वाऱ्याच्या बाजूला विटा रचायला बसायचा. मंजुनाथकडच्या कोपरे उडालेल्या विटा होत्या. थंडीत तिकडून झोत यायचा.

गोजराबाई चहा घेऊन आली आणि भिंतीकडं बघत राहिली. "दसऱ्यापर्यंतचं पाव्हणं हाय ते. पाव्हण्यासाठी कुणी भिंत बांधतंय व्हय?"

"पडीक इटा हायत. बसून काय करू?"

"भिंत बांधा. पण मनात काय बांधताय ते मला दिसतंय."

त्याच आठवड्यात वेदिकाचा फोन आला. घर मिळालं होतं. आनेकलच्या पुढं महांतेश म्हणून एक जण रोपवाटिका चालवत होता, मूळचा गोकाकचा. त्याच्याकडं दोन म्हातारे घोडे होते. एक उन्हाळ्यात गेला आणि राहिलेला धड खाईना. त्याला जोडीला घोडा हवा होता. रविवारी तो पांढरीला बघायला येणार होता.

"न्हाई पसंत पडली तर?" विठोजीनं विचारलं.

"मग दुसरं कुणी सध्या तरी नाही. इथंच ठेवाल का? तुम्हाला चालेल?"

"बघू," तो म्हणाला. एवढ्या लवकर म्हणाला की वेदिका जरा थांबली.

"काका, खरं सांगू? तुम्ही खूप करताय. पण ती अजून डुलते ना? तिला दुसरा घोडा हवाय. तुम्ही कितीही केलंत तरी तुम्ही घोडा नाही."

फोनचा आवाज मोठा होता. स्वयंपाकघरातून गोजराबाई म्हणाली, "राबतात तर घोड्यागतच."

रविवारी महांतेश आला. पन्नाशीचा, हातांना माती, चेहरा मोकळा. आल्या आल्या त्यानं पांढरीला आपला हात हुंगू दिला, मग दात बघितले, पाय बघितले. घाई केली नाही. विठोजीला माणूस आवडला. त्यामुळं तो आणखी अस्वस्थ झाला.

"पायाचं मला डॉक्टरांनी सांगितलंय," महांतेश म्हणाला. "म्हातारपण आलं की दुखणारच, त्याचं काय न्हाई. पण अण्णा, माझ्याकडं तबेला खाली आणि गवत वर. रोज चढ-उतार हाय. ते हिला झेपलं न्हाई तर तिचे हाल. मग न्यायची कशाला? दुखणं किती आत गेलंय ते वळताना कळतं. जरा फिरवून दाखवा."

"तुम्हीच फिरवा, काका. तुमच्या हाताची सवय आहे तिला," वेदिका म्हणाली. तेवढ्यात कुंपणापलीकडून मंजुनाथनं कुत्र्याचा कान बघायला तिला हाक मारली आणि ती तिकडं गेली.

विठोजीनं दोर हातात घेतला. शेडच्या दारातून बाहेर पडून कुणीकडं वळायचं हे ह्या जागेत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्याला कुणी बोल लावला नसता. कट्टा उजव्या हाताला, पायाखाली घट्ट मुरूम, जुनी गोल वाट. तो डावीकडून निघाला. पांढरीला वाट आठवत होती, ती मुकाट्यानं आत शिरली. पलीकडच्या वळणावर तिची मान झटक्यानं वर गेली. उजवा पाय तिनं जेमतेम टेकवला आणि उचलला. टक, टक, टक, आणि चौथी जवळजवळ नाहीच. परत आली तेव्हाही तेच.

महांतेशनं टोपी काढून डोकं खाजवलं. "अवघड दिसतंय, अण्णा."

विठोजीनं पांढरीच्या मानेवर हात ठेवला. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या तोंडात तयार होतं. तो दोराची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला.

"झेपायचं न्हाई हिला," महांतेश म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "राहू दे मग. हितं चांगली सोय हाय तिची."

गोजराबाई कट्ट्यावर शिळी फुलं काढत बसली होती. ती उठली. दोरीवर धुतलेला टॉवेल वाळत होता, तो तिनं ओढला, नागाच्या दगडांवर पांघरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही टोकं दगडांमागं खोचली.

"देव झाकला मी," ती म्हणाली. "फिरवा आता उलटं."

विठोजी जागचा हलला नाही.

"माझ्याकडं काय बघताय? एका अंगानं बघून कुणी जनावर पारखतंय व्हय? फिरवा."

त्यानं फिरवलं. कट्टा डाव्या हाताला आला. इतकी वर्षं राहून त्या बाजूनं तो स्वतःही कधी चालला नव्हता. पावलं अडखळली ती त्याचीच. पांढरी सरळ मानेनं चालली. चौथी टाप हलकी होती, पण पडत होती. दर वेळी पडत होती.

"आँ," महांतेश पुढं आला. "एवढा फरक कशानं पडला?"

"माझ्यामुळं," विठोजी म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं आपोआप आलं. "आल्यापासून मी तिला एकाच बाजूनं फिरवली. ह्याच घट्ट जमिनीवर. लंगडायला लागली तर जास्त फिरवली. उजवीकडं आवळ वळण तिला चालत न्हाई. सरळ वाट चालती. मऊ जमीन चांगली चालती. या, दाखवतो."

तो थांबला नाही. बनाच्या वाटेला लागला. तिथं एक चढ होता. पांढरी तो चढली, वर जाऊन फुरफुरली, मोठ्या वळणानं उतरली. महांतेश तिच्या मागून चालत होता, पायांवर नजर ठेवून. खाली आल्यावर म्हणाला, "माझी वाट सरळ हाय, अण्णा. आणि पानाचा कचरा लागंल तेवढा."

"उतरताना दोर ओढू नका. सैल सोडा."

"सरी," महांतेशनं होकाराची मान हलवली.

"आणि तूस जाड टाका खाली."

"टाकतो की."

वेदिका कुंपणापासून परत आली तेव्हा दोघं तुसाबद्दल बोलत होते आणि देवावर टॉवेल होता. तिनं टॉवेलकडं बघितलं, मग गोजराबाईकडं. गोजराबाई म्हणाली, "पोरी, चहा घेणार का?"

दोन दिवसांनी टेम्पो आला. टेम्पोत तूस विठोजीनं स्वतः अंथरलं. फळ्या हलवून बघितल्या, एक ढिली होती ती ठोकली. पांढरी चढायला तयार होईना, पाय आपटू लागली. ड्रायव्हर मागून हाकलायला निघाला तर विठोजीनं त्याला बाजूला केलं आणि दोर सैल सोडून आपण आधी वर चढला. ती मागून आली. मग तो उतरला आणि फळी लागली. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत आतून टापा ऐकू येत होत्या. त्या किती आणि कशा, हे त्याला ओळखता आलं नाही.

शेड रिकामी झाली. त्यानं तूस झाडून काढलं. फाटकाला तेल सोडलं. मग कुदळ घेऊन कट्ट्याभोवतीची गोल वाट उकरायला लागला. मुरूम असा बसला होता की कुदळ उडत होती.

"आता कुणासाठी?" गोजराबाईनं विचारलं.

"घट्ट झालीय. उकरायलाच पायजे होती."

तो दमून थांबला, पुन्हा लागला. अर्धी वाट झाली आणि त्याचे हात इतके थरथरायला लागले की कुदळ खाली ठेवावी लागली.

चार-पाच दिवसांनी वेदिकानं महांतेशचा व्हिडिओ पाठवला. हिरवळीत दोन घोडे उभे. विठोजीनं चष्मा लावून बघितला. परत बघितला.

"डुलत न्हाई न्हवं?" गोजराबाई म्हणाली.

"व्हिडिओ लहान हाय. डुलायला जरा येळ लागतो तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चंदापुऱ्याला गेला आणि आनेकलची बस धरली. पुढं रिक्षा. रोपवाटिकेच्या मागं चढ होता, चढाच्या वर गवत. पांढरी तिथं होती, एका तांबूस, हाडं निघालेल्या घोड्याशेजारी. दोघं उलट तोंडं करून उभे होते, त्याच्या शेपटीनं तिच्या तोंडावरच्या माश्या जात होत्या, तिच्या शेपटीनं त्याच्या. विठोजीनं कुंपणाशी उभं राहून हाक मारली. पांढरीनं कान फिरवला, मान वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि परत गवतात तोंड घातलं.

तो बघत राहिला. आता डुलेल, मग डुलेल. ऊन वर आलं. घोडे सावलीत गेले, एकामागून एक, आणि तिथंही उभे राहिले. पांढरीचे पुढचे दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे.

महांतेश पाण्याचा तांब्या घेऊन वर आला. त्यानं कुंपणाशी पोतं टाकलं.

"बसा की, अण्णा. कवापासून बघतोय, एका पायावरनं दुसऱ्या पायावर. किती डुलाल उभ्यानं?"

विठोजी बसला. पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला आणि उठला. शेजारच्या फाटकाची कडी वाऱ्यानं वाजत होती. त्यानं ती हलवून बघितली. बोल्ट ढिला होता.

"पाना हाय का घरात?" त्यानं विचारलं.